गिधाडाचं देणं

गाईच्या कासेला दगडी झाली, बैलाचा खांदा सुजला किंवा म्हशीला ताप भरला, की १९९०च्या दशकात गुरांचे डॉक्टर एक नवं इंजेक्शन टोचू लागले. औषधाचं नाव डायक्लोफिनॅक. स्वस्त, आणि चटकन गुण देणारं. दुखणं उतरलं की जनावर उठून उभं राही, वैरणीला तोंड लावी आणि मालकाच्या जिवात जीव येई. सगळीच जनावरं वाचत नसत. काही औषध टोचल्यावर दिवस-दोन दिवसांत मरत, रीतीप्रमाणे गावाबाहेर टाकली जात, आणि त्यांच्यावर गिधाडं उतरत. जनावराच्या यकृतात नि मूत्रपिंडात उरलेला औषधाचा अंश गिधाडांच्या पोटात जाई. त्यांची मूत्रपिंडं निकामी होत, युरिक अ‍ॅसिडचा पांढरा थर काळजावर आणि यकृतावर चढे. मान खाली टाकून पक्षी झाडावर बसून राही आणि थोड्याच दिवसांत खाली पडे.

हे कारण कळायला वर्षं जावी लागली. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडांची घरटी मोजली होती. दशकभराने त्यांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा घरटी ओस पडत चालली होती आणि मेलेले पक्षी सापडत होते. आधी संशय गेला तो साथीच्या रोगावर. मग पाकिस्तानी पंजाबात मेलेली गिधाडं तपासून लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ‘नेचर’मध्ये डायक्लोफिनॅककडे बोट दाखवलं. १९९२ ते २००७ या काळात भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारातली ९९९ नाहीशी झाली. लांब चोचीच्या आणि निमुळत्या चोचीच्या गिधाडांतली शंभरातली सुमारे ९७ गेली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. एका मढ्यावर मात्र डझनावारी गिधाडं एकदम जेवतात. त्यामुळे शंभरातल्या एकाहून कमी मढ्यांत हे औषध असलं, तरी अख्ख्या जातीचा निकाल लागायला तेवढं पुरत होतं.

निसर्गाशी आपलं नैतिक नातं काय, या प्रश्नाची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाची प्रस्तावना गिधाडापासून सुरू करायची, हे मी विचारपूर्वक ठरवलं. वाघ, वड किंवा गंगा यांच्याबद्दल लिहिताना वाचकाच्या मनातली श्रद्धा नाहीतर कौतुक लेखकाच्या मदतीला धावून येतं आणि युक्तिवाद कच्चा असला तरी खपून जातो. गिधाडाच्या बाबतीत ही सोय नाही. इगतपुरीजवळच्या टाकेदला जटायूचं स्थान म्हणून भाविक जातात. रामाने जटायूचे अंत्यसंस्कार आप्ताचे करावेत तसे केले, हेही आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण जटायूला तो मान मिळाला, कारण त्याने सीतेसाठी पंख गमावले. तिथे उपकार होता आणि उपकाराची फेड होती. गावाबाहेरच्या मढ्यावर उतरणाऱ्या पक्ष्याने आपल्यासाठी ठरवून काहीच केलेलं नाही. त्याला रूप नाही, गळा नाही, त्याच्या अंगाला वास येतो. अशा जिवाचं आपण काही देणं लागतो का? या प्रश्नाचं उत्तर ज्याला नीट देता येईल, त्याला नदी-जंगलांबद्दलही काही भरीव बोलता येईल असं मला वाटतं.

आपली रोजची नीती अशा प्रकरणापुढे अडखळते. कुणी कुणाचं नुकसान केलं की आपण तीन गोष्टी विचारतो: कुणी केलं, कोणत्या हेतूने केलं, आणि फिर्याद कुणाची. इथे करणारे लाखो आहेत. औषध बनवणारा, विकणारा, लिहून देणारा, टोचणारा, पैसे मोजणारा गुराखी. यांतल्या एकालाही गिधाडाचं वाईट व्हावंसं वाटत नव्हतं. उलट, मुक्या जनावराच्या वेदना पाहवत नाहीत म्हणून तर हे सगळं चाललं होतं. आणि फिर्यादी? गिधाड कोर्टात उभं राहत नाही. खून होऊनही खुनी नाही, अशी ही स्थिती आहे. पर्यावरणाच्या बहुतेक मोठ्या हानी याच जातीच्या असतात. भूजल आटतं, नदी सडते, हवा तापते, तेव्हा प्रत्येकाचा वाटा चिमूटभर असतो आणि हेतू बहुधा निर्दोष असतो. जुन्या नीतिशास्त्राने खलपुरुषाची तयारी ठेवलेली आहे. निर्दोष हेतूच्या लाखो माणसांनी मिळून केलेल्या नाशाचं काय करायचं, हे त्यात फारसं सांगितलेलं नाही.

यावर पहिलं उत्तर हिशोबाचं येतं, आणि ते टाकाऊ नाही. गिधाडं गेल्यावर उघड्यावरची मढी सडू लागली, भटक्या कुत्र्यांचं फावलं, रेबीजचा धोका वाढला, पाणवठे नासले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी भरपूर गिधाडं असलेले जिल्हे आणि मुळात गिधाडं कमी असलेले जिल्हे यांची तुलना केली. २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये त्यांचा निबंध आला. त्यांच्या हिशोबाने २००० ते २००५ या काळात गिधाडं नसल्यामुळे सुमारे ५ लाख माणसं जास्तीची मेली, आणि नुकसान पैशात मोजलं तर वर्षाला सुमारे ६,९०० कोटी डॉलर भरतं. मुंबईत डुंगरवाडीच्या दोख्म्यांवर, म्हणजे पारशी लोक मृतदेह ठेवतात त्या बुरुजांवर, गिधाडं उतरेनाशी झाली, तेव्हा पारशी समाजाला शतकानुशतकांच्या अंत्यविधीसाठी सौर परावर्तक बसवावे लागले, ते नुकसान तर या आकड्यांत धरलेलंही नाही.

५ लाख माणसं हा आकडा वाचून मंत्रालयातला माणूसही थांबतो. म्हणून असे हिशोब व्हायला हवेत, आणि ते करणाऱ्यांचे आपण आभार मानले पाहिजेत. पण त्या हिशोबावरच सगळी भिस्त ठेवली तर एक अडचण येते. उद्या प्रत्येक तालुक्यात मढी जाळायची भट्टी बसली, कुत्र्यांचं लसीकरण झालं, तर गिधाडाचा भाव शून्यावर येईल. मग ते मेलं तरी चालेल का? ऑस्ट्रेलियात शिकवणारे तत्त्वज्ञ रिचर्ड राउटली यांनी १९७३ साली बल्गेरियातल्या वार्ना इथे भरलेल्या जागतिक तत्त्वज्ञान परिषदेत नेमका हाच पेच मांडला होता. समजा जगात एकच माणूस उरला आहे. त्याच्यामागे कुणी येणार नाही. मरण्यापूर्वी तो हाताशी असलेली सगळी झाडं तोडतो, सगळी जनावरं मारतो. कोणत्याही माणसाचं त्यात नुकसान नाही, कारण माणूसच उरलेला नाही. त्याने वाईट केलं की नाही? बहुतेकांच्या तोंडून ताबडतोब ‘केलं’ असं येतं. आणि ते येतं त्या क्षणी, निसर्गाची किंमत माणसाच्या फायद्यावर ठरते हा सिद्धांत आपण स्वतःच सोडून दिलेला असतो. राउटलींच्या या शेवटच्या माणसाने पर्यावरणाच्या नीतिविचाराला अभ्यासाचा विषय म्हणून उभं केलं, असं म्हणायला हरकत नाही. दोष इतकाच, की तो प्रसंग कल्पनेतला आहे. गिधाडाचा प्रसंग खरा घडला, आणि तो आपल्या डोक्यावरच्या आकाशात घडला.

फायदा बाजूला ठेवला की दुसरं उत्तर पुढे येतं ते करुणेचं. जेरेमी बेंथम यांनी १७८९ सालच्या ग्रंथात म्हटलं होतं की प्राण्याला विचार करता येतो का, बोलता येतं का, हे विचारू नका. त्याला दुःख होतं का, हे विचारा. पीटर सिंगर यांनी १९७५ साली हाच धागा धरून ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ लिहिलं आणि जगभर लाखो लोकांच्या ताटातला घास बदलला. आपल्याकडे तर भूतदया ही संतांची, जैनांची, बौद्धांची, गांधीजींची शिकवण. भारतीय राज्यघटनेत ४२व्या दुरुस्तीने १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आली, त्यातही निसर्गरक्षणाच्या जोडीला सजीवांविषयी दयाबुद्धी नेमून दिलेली आहे.

गिधाडाचं प्रकरण हा आधारही हलवून टाकतं. इंजेक्शनची सुई गाईच्या मानेत शिरली ती दयेपोटीच. समोर विव्हळणारी गाय दिसत होती. तिच्यानंतर जेवायला येणारं गिधाड दिसत नव्हतं. करुणा डोळ्यांसमोरच्या एका जिवाला बघते. जात, अधिवास, अन्नसाखळी या गोष्टींना ती बघू शकत नाही, कारण जातीला वेदना होत नाहीत. वेदना होतात त्या एकेका पक्ष्याला. म्हणूनच १९८०च्या दशकात प्राणिहक्कवाले आणि निसर्गनीतीवाले यांच्यात जोरदार वाद झाला. निसर्गनीतीच्या बाजूने बेअर्ड कॅलिकॉट यांचं म्हणणं पडलं की प्राणिमुक्तीचा विचार आणि भूमीचा विचार या दोन वेगळ्या वाटा आहेत. प्राणिहक्कांच्या बाजूने टॉम रेगन उलट म्हणाले की समष्टीसाठी एकट्या जिवाचा बळी द्यायला तयार होणारी नीती ही फॅसिझमच आहे. दोघांनाही एकेक अर्धं सत्य दिसत होतं, पण एखादं प्रत्यक्ष प्रकरण हाती घेऊन त्यांनी हा वाद केला असता तर तो एवढा एकांगी झाला नसता, असं मला वाटतं.

कॅलिकॉट ज्यांच्या लेखनातून शिकले ते आल्डो लिओपोल्ड हे मुळात अमेरिकेतले वनाधिकारी. तरुणपणी ते लांडगे मारायच्या बाजूचे होते, कारण लांडगे कमी झाले की शिकाऱ्यांना हरणं जास्त मिळतील असा सरळ हिशोब होता. पुढे लांडग्यांवाचून हरणांनी डोंगरच्या डोंगर कसे ओरबाडून खाल्ले ते त्यांनी पाहिलं. त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ साली ‘अ सँड काउंटी अल्मनाक’ प्रसिद्ध झालं. त्यात माती, पाणी, झाडंझुडपं आणि प्राणी हे सगळे आपल्याच समाजाचे सभासद आहेत आणि माणूस त्यांतला एक साधा नागरिक आहे, असा विचार त्यांनी मांडला. या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक लेखावर लिओपोल्ड यांची सावली आहे, आणि ते योग्यच आहे. पण ‘समाजाचे सभासद’ हे शब्द महाराष्ट्रात वाचताना आपल्याला थोडं थांबायला हवं. आपल्याकडे गावाच्या समाजात कोण आत होतं आणि कोण बाहेर, याचा इतिहास फार कडू आहे. गिधाडाच्या निमित्ताने तो टाळताच येत नाही.

पूर्वी सगळं कसं सुरळीत होतं, गावात मेलेलं जनावर गावाबाहेर जात होतं, गिधाडं तासाभरात हाडं स्वच्छ करत होती, निसर्ग नि माणूस एकमेकांना धरून होते, असं चित्र निसर्गप्रेमी लेखनात वरचेवर रंगवलं जातं. त्या चित्रात एक माणूस गाळलेला असतो. गोठ्यात मेलेलं ढोर आपोआप गावाबाहेर जात नव्हतं. ते ओढून न्यायला महारवाड्यात सांगावा जाई. ओढणं, सोलणं, फोडणं हे जन्माने नेमून दिलेलं काम होतं. मोबदल्यात काय, तर त्याच ढोराचं मांस, जे खाल्लं म्हणून पुन्हा अपवित्र ठरवायचं. दलित आत्मकथनं ज्यांनी वाचली आहेत त्यांना त्या जागेचा वास, ऊन, भूक आणि वर घिरट्या घालणारे पक्षी यांची ओळख आहे. गिधाडाचं अन्न आणि माणसाची वेठ एकाच ठिकाणी एकत्र आली होती. गावाने दोघांकडूनही सफाई करून घेतली आणि दोघांनाही अमंगळ ठरवलं.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मृतमांस सोडून द्यायला आणि लाचारीची कामं टाकून द्यायला सांगितलं. १९२८ साली, ही वेठ ज्याच्याशी बांधलेली होती त्या महार वतनाच्या कायद्यात बदल व्हावा म्हणून त्यांनी मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. ती वतनं प्रत्यक्षात कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावं लागलं. ज्याला आपण निसर्गाचा समतोल म्हणून हळहळतो त्याचा एक खांब असा माणसाच्या खांद्यावर उभा होता, आणि तो माणूस ‘मी हे करणार नाही’ म्हणाला, यात निसर्गाचं नुकसान शोधणं हा अन्याय होईल. २०१६च्या जुलैमध्ये गुजरातेतल्या उना तालुक्यात मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी उघड्यावर फटके मारले. त्यानंतर गुजरातेत ठिकठिकाणी दलितांनी मेलेली जनावरं उचलायचं नाकारलं. ‘तुमची माता, तुम्हीच उचला’ असा त्यांच्या आंदोलनाचा रोख होता. निसर्गाविषयीच्या कर्तव्याची चर्चा या प्रसंगाला वळसा घालून करायची असेल तर मला ती चर्चाच नको. गिधाडांसाठी मढी उघड्यावर ठेवायची असतील, तर ती कुणी ओढायची, कोणत्या साधनांनी, किती पगारावर आणि किती मानाने, हे त्याच वेळी ठरवलं पाहिजे. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावात गिधाडं टिकवण्याच्या कामात गावकरी सामील झाले. अशा प्रयत्नांचं मोल मला केवळ वाढलेल्या घरट्यांत दिसत नाही. जे काम एका जातीच्या माथी मारलेलं होतं ते सगळ्या गावाचं होऊ शकतं, ही शक्यताही तिथे दिसते.

याच कारणासाठी या पुस्तकात रामचंद्र गुहा यांच्या १९८९ सालच्या निबंधाची दखल अनेक जागी घेतलेली दिसेल. नॉर्वेचे आर्ने नेस यांनी १९७३ साली मांडलेल्या ‘डीप इकॉलॉजी’च्या विचाराला अमेरिकेत जे रूप आलं, त्यावर गुहांनी सडकून टीका केली. माणूसविरहित अरण्य राखणं हेच परमकर्तव्य मानलं, की भारतासारख्या देशात त्याची झळ जंगलात राहणाऱ्या गरिबाला बसते. शहरात बसून जास्तीत जास्त खाणारा मात्र मोकळा सुटतो. ही टीका मला पूर्ण पटते. पण तिचा आधार घेऊन ‘आधी माणसाचं बघू, पक्ष्यांचं मग’ असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. गिधाडं गेल्यावर कुत्री कुणाला चावली? नासलेलं पाणी कुणी प्यायलं? ज्यांच्या दारात नळ आणि दवाखाना होता त्यांनी नाही.

मग देणं कशावर उभं करायचं? फायद्यावर ते टिकत नाही, नुसत्या करुणेवर टिकत नाही, श्रद्धेवरही टिकत नाही. देवरायांचा दाखला इथे पुष्कळजण देतील. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून तो वारसा जगापुढे आणला. देवाच्या धाकाने राखलेली ती रानं खरोखर अनमोल आहेत. पण धाक ओसरला की कुऱ्हाड शिरते हेही आपण पाहिलं आहे, आणि गिधाडासाठी कुणी देवराई राखली नव्हती. मला सर्वांत भक्कम आधार वाटतो तो हान्स योनास यांच्या विचाराचा. योनास हे जर्मन ज्यू तत्त्वज्ञ. हिटलर आल्यावर १९३३ साली त्यांनी देश सोडला. त्यांची आई आउशवित्झमध्ये मारली गेली. १९७९ साली त्यांनी जबाबदारीच्या तत्त्वावर ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या काळी माणसाची करणी जवळच संपत असे, त्यामुळे शेजारधर्मापुरती नीती पुरत होती. यंत्राने आणि रसायनाने आपला हात लांब झाला. तो जिथवर पोचतो तिथवर जबाबदारीही पोचली, आणि परिणाम काय होतील ते आधी शोधून काढणं हेच आता पहिलं कर्तव्य झालं. कुणी आपल्यावर उपकार केला का, कुणाच्या वेदना आपल्याला दिसतात का, कुणी पवित्र आहे का, हे प्रश्न मग मागे पडतात. आपल्या सत्तेखाली कोण आलं, एवढं विचारायचं. १९९०च्या दशकात गिधाड आपल्या सत्तेखाली आलं, त्यालाही आणि आपल्यालाही नकळत.

‘नकळत’ हा शब्द मी २००४ पर्यंत मान्य करते. पुढची वर्षं अजाणतेपणाची नाहीत. भारताने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली. कारण कळल्यापासून दोन वर्षांत, आणि ते पाऊल जगाच्या मानाने लवकर पडलं हे प्रांजळपणे म्हटलं पाहिजे. त्याच साली मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना निर्धोक असल्याचं संशोधनही प्रसिद्ध झालं, म्हणजे गाईची वेदना आणि गिधाडाचा जीव यांतून एकच निवडायची वेळही उरली नाही. पण माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांकडे जातच राहिल्या, आणि त्यांचा आकार ३ मिलिलिटरवर आणायला २०१५ साल लागलं. किटोप्रोफेनही गिधाडांना मारतं हे २००९ साली प्रसिद्ध झालं. अ‍ॅसिक्लोफिनॅकचं तर जनावराच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं. या दोन्हींवर जनावरांसाठी बंदी आली ती २०२३ साली. किटोप्रोफेनच्या बाबतीत कळणं आणि वळणं यांत चौदा वर्षं गेली. या चौदा वर्षांचा जाब एक म्हैस राखणाऱ्या बाईला विचारता येणार नाही. तिच्या हातात औषधाची बाटली आली तेव्हा निवड आधीच झालेली होती. जाब आहे तो परवाने देणाऱ्या कचेऱ्यांना, औषध बाजारात ठेवणाऱ्यांना, आणि हे ठाऊक असूनही गप्प राहिलेल्या आपल्यासारख्या वाचत्या-लिहित्या माणसांना. आणि हा दोष एकट्या आपल्या देशाचा नाही. भारतातली गिधाडं कशाने मेली हे साऱ्या जगाला माहीत झाल्यानंतर, २०१३ साली, स्पेनने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकला परवानगी दिली. युरोपातली सर्वांत जास्त गिधाडं स्पेनमध्येच आहेत. पुढे तिथे एक काळं गिधाड याच औषधाने मेल्याची नोंद झाली.

कायद्याने या वाटेवर काही पावलं टाकली आहेत, पण त्यांबद्दल मी इथे थोडक्यातच लिहिते, कारण पुढे एक अख्खा भाग त्यासाठी आहे. गीरच्या सिंहांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटलं की माणसाला केंद्रस्थानी ठेवणारी दृष्टी सोडून निसर्गाला केंद्रस्थानी ठेवलं पाहिजे. २०१४ साली जल्लिकट्टूच्या निकालात प्राण्यांच्या प्रतिष्ठेची भाषा आली. २०१७ साली न्यूझीलंडने वांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना तसाच दर्जा दिला, आणि काही महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. वांगानुईच्या मागे माओरी लोकांचा दीडशे वर्षांचा लढा होता आणि नदीच्या वतीने बोलायला नेमलेले पालक होते. आपल्याकडे निकालपत्र होतं. नदीकाठच्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. दर्जा देणं सोपं आहे, त्या दर्जाच्या वतीने रोज सकाळी कामाला लागणारी माणसं उभी करणं अवघड आहे.

तशी माणसं गिधाडांना मिळाली. हरियाणात पिंजोरला २००१ साली गिधाडांचं शुश्रूषा केंद्र सुरू झालं, पुढे त्याचं प्रजनन केंद्र झालं. तिथे वाढलेले पक्षी २०२४ साली महाराष्ट्रात, ताडोबा आणि पेंचमध्ये आणले गेले, पाठीवर मागोवा घेणारी यंत्रं लावून मोकळे सोडले गेले. त्यातले काही मेले. हे काम करणाऱ्या संशोधकांनी, वनमजुरांनी आपल्या आयुष्याची ऐन वर्षं एका नावडत्या पक्ष्याला दिली. त्यांच्यापैकी किती जणांनी योनास किंवा लिओपोल्ड वाचला असेल, याला महत्त्व नाही. देणं कसं फेडायचं असतं ते त्यांच्याकडे बघून कळतं.

आणि तरी या कामाच्या पोटात एक प्रश्न आहे, ज्यासाठी वाचकाने हे पुस्तक उघडावं असं मला मनापासून वाटतं. जनावरांसाठीचं कोणतंही नवं वेदनाशामक बाजारात येण्याआधी ते गिधाडांना निर्धोक आहे का हे तपासलं जावं, अशी पक्षिशास्त्रज्ञांची रास्त मागणी आहे. परिणाम आधी शोधून काढा, असं योनास म्हणतात ते हेच. पण ते शोधायचं कसं? शेवटी कुठल्यातरी पिंजऱ्यातल्या गिधाडाला ते औषध द्यावंच लागतं. किटोप्रोफेन विषारी आहे हे आपल्याला समजलं ते दक्षिण आफ्रिकेतल्या अशाच चाचणीत गिधाडं मेली म्हणून. त्या पक्ष्यांना आपण जातीसाठी मारलं, म्हणजे रेगन ज्याला फॅसिझम म्हणाले तेच केलं. ते केलं नसतं, तर हजारो पक्षी मोकळ्या आकाशाखाली मेले असते आणि कुणाला पत्ताही लागला नसता. विचार करून मी चाचणीच्या बाजूने उभी आहे, आणि पक्षी कमीत कमी लागावेत, पेशींवरच्या चाचण्या आधी व्हाव्यात, अशा अटी त्याला जोडते. ज्या पक्ष्यावर चाचणी होते त्याचा मात्र या अटींनी काही फायदा होत नाही. या पुस्तकातला पहिला लेख माझ्या मताच्या विरुद्ध बाजूने लिहिलेला आहे, आणि म्हणूनच तो पहिला ठेवला आहे.